कंदीलवालीचा चौथा पत्ता

१

अंतिम फेरीचे टेबल मांडून झाले होते. त्यावरचे दिवे लागले होते, समोरच्या खुर्च्या भरत आल्या होत्या, आणि पडद्यामागच्या लहानशा खोलीत मुख्य पंचांच्या भिंगाखाली एक खोटा पत्ता पडला होता.

हा राजा, राणी, गुलामाचा बावन्न पत्त्यांचा खेळ नव्हे. यातला प्रत्येक पत्ता वेगळा. वरच्या अर्ध्यात चित्र, खालच्या अर्ध्यात नाव आणि त्या पत्त्याने काय साधते ते बारीक अक्षरांत छापलेले. असे हजारो पत्ते आजवर निघाले आहेत. खेळाडूने त्यांतून साठ निवडायचे, आपली गड्डी बांधायची आणि ती घेऊन शहरोशहरी लढत हिंडायचे. बहुतेकांना हा छंद. मोजक्या काहींचा तो व्यवसाय. खोटा पत्ता ज्या गड्डीतून निघाला, ती त्या मोजक्यांतल्या सर्वांत जुन्या माणसाची होती. त्याला सगळे ‘बगळा’ म्हणत. तरुणपणी तो तासन्‌तास निश्चल बसून समोरच्याच्या एका चुकीची वाट पाहत असे, आणि चूक झाली की मान पुढे जाई ती मासा घेऊनच परते. नाव तेव्हापासून चिकटले होते.

पंचबाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले. पत्त्यावर निळ्या रात्रीत कंदील उंच धरलेली एक स्त्री होती. पत्त्याचे नावच ‘कंदीलवाली’. दुर्मीळ, आणि बगळ्याच्या गड्डीचा कणा. गड्डीत तिचे चार पत्ते होते. तिन्हींवरची अक्षरे पात्याने कापून काढल्यासारखी स्वच्छ होती. चौथ्यावरची ठिपक्याठिपक्यांची, कडेला केसाळ. चित्र मात्र हुबेहूब.

तक्रार उपांत्य फेरीत हरलेल्या खेळाडूने केली होती. नियम दोनच ओळींचा होता. खोटा पत्ता नकळत आला असेल, तर पत्ता बदलायचा, पहिला डाव गमवायचा आणि उरलेले खेळायचे. जाणून आणला असेल, तर कायमची बंदी.

त्यांनी बगळ्याला आत बोलावले. तो आला, खुर्चीची पाठ हाताने धरून बसला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे पाहू लागला. वीस-बावीस वर्षे त्या या माणसाच्या टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याचे हात त्यांना जास्त ओळखीचे होते. पंचाने खेळाडूबरोबर चहासुद्धा घेऊ नये, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. तो कुणी मागितलेला नव्हता. पण त्यांनी पाळला होता, आणि त्यामुळे गावोगावच्या हॉटेलांत त्या एकट्याच जेवत आल्या होत्या.

“चौथी कंदीलवाली खोटी आहे,” त्या म्हणाल्या.

“असं?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“गड्डी माझी. पत्त्यांना प्लास्टिकच्या स्लीव्ह मीच घातल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पेटी खेळाडूंच्या खोलीत टेबलावर होती. इतकंच सांगतो.”

“माहीत होतं की नव्हतं, तेवढंच विचारते आहे.”

“होतं म्हटलं तर?”

“कायमची बंदी.”

“आणि नव्हतं म्हटलं तर?”

“तर ते मला पटायला हवं. बावीस वर्षं पत्त्यांवर जगलेल्या माणसाला हातातला खोटा पत्ता कळला नाही, हे कसं पटावं?”

बगळा किंचित हसला. “मग होतं असं लिहा, बाई. सोपं पडेल.”

२

पंचबाईंनी काहीच लिहिले नाही. जो माणूस खोटा पत्ता मुद्दाम आणतो, तो पकडल्यावर कांगावा करतो, निदान दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा तर बंदी पदरात पाडून घ्यायला निघाला होता.

दुपारी त्या खोलीत बगळ्याखेरीज तिघेच होते, असे दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितले: तक्रार करणारा खेळाडू, पत्त्यांचा व्यापारी आणि बगळ्याचा सरावातला जोडीदार. पहिला आत आला तो तक्रारदार. नियमांवरून भांडण्याच्या हौसेमुळे स्पर्धांच्या वर्तुळात त्याचे नाव ‘वकील’ पडले होते. कोर्टाची पायरी त्याने कधी पाहिली नव्हती.

“बाई, माझ्याकडे अशा नजरेने बघू नका. पत्ता मीच सरकवला असता तर मीच तक्रार कशाला केली असती?”

“हरलेला माणूस दोन्ही करू शकतो.”

“हरलो, मान्य आहे. चांगला सपाटून हरलो! पण ऐका. पत्ता त्याने खेळला तेव्हा मला तो उलटा दिसत होता, तोही हातभर अंतरावरून. तरी अक्षरं केसाळ आहेत हे मला कळलं. त्याच्या तर नाकासमोर होता. आणि त्याला कळलं नाही? बगळ्याने म्हणावं की पाण्यात मासा दिसला नाही!”

“तुम्ही तिथल्या तिथे का नाही बोललात?”

वकील जरा वरमला. “म्हटलं, जिंकलो तर कशाला बोला.” मग पुन्हा चढ्या आवाजात म्हणाला, “आणि हल्ली त्याची नाटकंही फार झालीत. पत्ता टाकला की म्हणतो, ‘नाव बोलून टाका.’ का? मी काय बालवाडीत आहे? वर मान वाकडी करून माझ्या खांद्यामागे टक लावून बसतो. बाई, मी दोनदा वळून पाहिलं, मागे कोण उभं आहे म्हणून!”

पत्त्यांचा व्यापारी आला तो रुमालाने कपाळ पुसतच. आज सकाळच्याच गाडीने तो या शहरात उतरला होता आणि तडक दुकान मांडून बसला होता.

“माझा काय संबंध? मी दुपारी त्या खोलीत फक्त वडापाव... नव्हे, जे काय डब्यात होतं ते खाल्लं आणि निघालो.”

“गेल्या वर्षभरात बगळ्याने तुम्हाला काही विकलं?”

व्यापाऱ्याने मागे पाहिले, दार बंद असल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. “जवळजवळ सगळा संग्रह. फक्त खेळायची गड्डी ठेवली. कशासाठी ते विचारलं, तर म्हणाला, दवाखाना. पण त्याहून मोठी गंमत सांगतो. पूर्वी याला पत्त्याचा नुसता कोपरा दाखवला तरी कुठल्या छपाईचा ते सांगायचा. यंदा सगळी खोकी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, ‘तूच वेच. माझा विश्वास आहे.’ विश्वास! बाई, या धंद्यात सख्खा भाऊ भावाला भिंगाशिवाय पत्ता देत नाही.”

“मग तुम्ही फायदा घेतलात?”

“घेणार होतो,” व्यापारी म्हणाला आणि रुमालाची घडी करू लागला. “पण घेववला नाही. समोर बसून तो भिंतीकडे बघत होता. आंधळ्याच्या काठीला हात लावल्यासारखं वाटायला लागलं.”

तो गेल्यावरही त्याचे शेवटचे वाक्य पंचबाईंच्या कानांत घुमत राहिले.

३

त्यांनी साठही पत्ते टेबलावर एका कडेने उभे केले.

हा खेळ पोटासाठी खेळणारी माणसे प्रत्येक पत्त्याला दोन स्लीव्ह घालतात. आतली पातळ प्लास्टिकची, अंगाला चिकटून बसणारी. बाहेरची जाड, पाठीमागून अपारदर्शक. एकीचे तोंड खाली ठेवले की दुसरीचे वर ठेवायचे, म्हणजे धुळीला वाट राहत नाही. मात्र आत हवा अडकते. नव्या गड्डीतले पत्ते उशीसारखे फुगतात. म्हणून ती रात्रभर जड वस्तूखाली दाबून ठेवावी लागते.

खोटा पत्ता दुपारी आत शिरला असता, तर तो अजून फुगलेला दिसला असता. तो बाकीच्यांइतकाच चपटा होता. त्याच्या बाहेरच्या स्लीव्हच्या कडा दिवसभर पिसून पिसून इतरांसारख्याच पांढुरक्या झाल्या होत्या. म्हणजे हा पत्ता पहिल्या फेरीपासून गड्डीत होता. त्याआधी एक रात्र तिच्याबरोबर दाबाखाली झोपलाही होता. या स्पर्धेत वकिलाची आणि बगळ्याची गाठ पडली ती आज टेबलावर. व्यापारी सकाळी गाडीतून उतरला होता. दोघेही सुटले.

मग त्यांनी एकेक पत्ता उजेडात धरून पाहिला. एकोणसाठ पत्त्यांच्या आतल्या स्लीव्हचे तोंड खाली होते. एकाचे वर. त्याला बाहेरची स्लीव्ह उलट बाजूने चढवली होती, इतकेच. दोन्ही रीती बरोबर, पण माणूस एकदा जी धरतो ती जन्मभर सोडत नाही. बुटाची कुठली नाडी आधी ओढायची, तसेच हे. चौथी कंदीलवाली बगळ्याच्या हातची नव्हती.

सरावातला जोडीदार आत आला. त्याला सगळे ‘भिडू’ म्हणत. त्याचे खरे नाव नोंदणीच्या वेळी पंचबाईंना दरवेळी नव्याने वाचावे लागे. चौदा वर्षे तो बगळ्याबरोबर एका खोलीत उतरत होता, बगळ्याच्या प्रत्येक गड्डीविरुद्ध आधी तोच हरत होता. स्वतः तो कधी उपांत्य फेरीपर्यंतही पोचला नव्हता. आजही दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला होता.

“तुमची गड्डी दाखवता?”

“माझी? मी तर केव्हाच हरलो, बाई.”

“तरी दाखवा.”

त्याने पेटी पुढे केली. पंचबाईंनी वरचा पत्ता उजेडात धरला, मग मधला, मग तळाचा. आतल्या स्लीव्हचे तोंड वर, वर, वर.

त्यांनी तो पत्ता आणि खोटी कंदीलवाली शेजारी शेजारी ठेवल्या. भिडूने पाहिले. नाकारायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. शर्टाच्या खिशावर हात दाबून तो नुसता उभा राहिला.

“चौदा वर्षं त्याचं मीठ खाल्लंत,” त्या म्हणाल्या. “आज अंतिम फेरीच्या दारात त्याला पाडलंत. का?”

“बंदी मला घाला.”

“पत्ता तुमच्या गड्डीत सापडलेला नाही. बंदी त्याला बसेल. पत्ता तुम्ही घातला असाल, पण दिवसभर तो त्याच्या हातात होता आणि त्याने तोंड उघडलं नाही. याचा अर्थ त्याला ठाऊक होतं.”

भिडूचा चेहरा एकदम उतरला. “मग तुम्ही त्यालाच विचारा, बाई,” तो म्हणाला. “हातात घेऊन त्याला काय दिसलं, ते.”

४

बगळा दुसऱ्यांदा आत आला, तेव्हा बाहेर प्रेक्षक टाळ्यांनी घाई करू लागले होते.

“तुम्ही एके काळी नवख्यांना खोटे पत्ते ओळखायला शिकवत होता,” पंचबाई म्हणाल्या. “मीही एकदा मागच्या रांगेत उभी राहून ऐकलं होतं. आज मला अहवाल लिहायचा आहे, तुमच्याच शब्दांत लिहीन.” त्यांनी कंदीलवालीचा एक पत्ता आणि भिंग त्याच्या हातात दिले. “अक्षरांच्या कडा कशा आहेत?”

त्याने भिंग डोळ्याला लावले. पत्ता जरा उजवीकडे नेला, जरा डावीकडे. मान तिरपी केली.

“केसाळ,” तो शांतपणे म्हणाला. “ठिपक्याठिपक्यांची छपाई आहे. खोटाच आहे.”

पंचबाईंनी टेबलाच्या खणातून दुसरा पत्ता काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“खोटा हा आहे. तुमच्या हातात आहे तो खरा.”

५

भिंग टेबलावर ठेवताना त्याचा हात टेबलाची कड शोधत गेला.

“केव्हापासून?” त्यांनी विचारले.

“दीड-दोन वर्षं झाली. मधलं जातं आहे. कडा राहतात. तुमच्याकडे सरळ पाहिलं तर तुमच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो. भिंतीकडे पाहिलं तर कडेने तुम्ही दिसता.” तो थांबला. “चित्रांचे रंग कळतात. मजकूर सगळा पाठ आहे. निळी रात्र आणि पिवळा ठिपका दिसला की कंदीलवाली. अक्षरं वाचायची गरजच पडत नाही.”

“म्हणून खोटा पत्ता तुम्हाला खराच वाटला. हे तुम्ही आधीच सांगितलं असतं तर...”

“तर काय? बाई, लबाड म्हणा. लबाड माणसाला लोक घाबरतात तरी. आंधळ्याला हात धरून रस्ता ओलांडून देतात.”

“लबाडीचा शिक्का बसला तर मागचे सगळे विजय संशयात जातील.”

“ते डाव मी खेळलो. मला ठाऊक आहेत. बाकी कुणाला काय सांगायचं? घरी कुलूप आहे. थोरल्या बहिणीचा महिन्यातून फोन येतो, मी म्हणतो, छान चाललंय. या टेबलावर बसलो म्हणजे निदान समोर एक माणूस असतो. ते गेलं की...”

दार न ठोठावताच उघडले. भिडू आत आला, त्याने शर्टाच्या खिशातून एक पत्ता काढला आणि टेबलावर ठेवला. खरी, चौथी कंदीलवाली. दिवसभराच्या घामाने पत्त्याचा कोपरा दमट झाला होता.

“तू?” आवाजाच्या रोखाने मान वळवत बगळा म्हणाला.

“परवा तू आंघोळीला गेलास तेव्हा बदलला. म्हटलं, उद्या सरावात पहिल्याच हाताला ओरडशील, ‘गाढवा, हा काय कचरा घातलास माझ्या गड्डीत?’ मग मी हसेन, हा काढून देईन, आणि रात्री निवांत झोपेन.” भिडूने पत्त्याचा दमट कोपरा अंगठ्याने पुसला. “काल दिवसभर खेळलास तिच्याशी. ओरडला नाहीस.”

“मग तेव्हाच का नाही काढून घेतलास?”

“काढला असता तर मान्य केल्यासारखं झालं असतं. वाटलं, खोलीत उजेड कमी होता. इथल्या मोठ्या दिव्यांखाली दिसेल. प्रत्येक फेरीत वाटलं, आता दिसेल.”

“केव्हापासून संशय होता तुला?”

“तू कडीला हात घालायच्या आधी भिंत चाचपायला लागलास, तेव्हापासून. विचारलं तर म्हणालास, गरुडासारखं दिसतं.”

“एवढं कळलं होतं तर सरळ बोलायचं होतंस!”

“तू बोललास?”

चौदा वर्षे एका खोलीत राहिलेली ती दोन माणसे एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभी होती आणि दोघांच्या मध्ये खऱ्या-खोट्या कंदीलवाल्या पडल्या होत्या. पंचबाईंना वाटले, आपण इथे नको होतो. पण पंच बाहेर जाऊ शकत नव्हता.

“माझा निर्णय झाला आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “नकळत. पहिला डाव गेला. उरलेले दोन खेळता येतील. पण वकील कारण विचारल्याशिवाय राहणार नाही आणि कारण मला द्यावंच लागेल. ते मी द्यायचं की तुम्ही, तेवढं ठरवा. खेळायचं नसेल तर तसं सांगा.”

बगळ्याने हात पुढे केला. भिडूने न बोलता खऱ्या पत्त्याला स्लीव्ह चढवायला घेतल्या.

“आतलीचं तोंड खाली,” बगळा म्हणाला. “चौदा वर्षं सांगतोय.”

६

अंतिम फेरीतली त्याची प्रतिस्पर्धी एका शाळेत गणित शिकवत असे. टेबलाशी येऊन बगळा बसला नाही. उभा राहिला, आणि सभागृह आपोआप शांत झाले.

“पहिला डाव मी गमावलेला आहे,” तो म्हणाला. “माझ्या गड्डीत खोटा पत्ता होता. मला तो दिसला नाही, कारण मला अक्षरं दिसत नाहीत. बऱ्याच दिवसांपासून.” मग समोरच्या बाईंकडे, म्हणजे त्यांच्या खांद्यापलीकडे पाहत म्हणाला, “तुमची हरकत नसेल तर पत्ता टाकताना नाव बोलून टाका. आणि नवा असेल तर वाचूनही दाखवा.”

पहिल्या रांगेत बसलेल्या वकिलाने तोंड उघडले आणि मिटले. मग तो पुटपुटला, “मला आधी सांगितलं असतं तर मीही मोठ्याने बोललो असतो.” हे त्याने शेजाऱ्याला दोनदा सांगितले.

गणिताच्या बाई फळ्याशी उभ्या राहिल्यासारख्या स्वच्छ आवाजात प्रत्येक पत्ता वाचू लागल्या. एरवी या टेबलावर प्लास्टिकच्या सळसळीखेरीज काही ऐकू येत नसे. त्या दिवशी संपूर्ण डाव लोकांनी ऐकला. दुसरा डाव बगळ्याने घेतला. मान एकदाच पुढे गेली आणि मासा घेऊन परतली. तिसऱ्यात त्याने निळी रात्र समजून एक निळी नदी खेळली. त्या रंगाचा तो पत्ता त्याने स्वतःच गड्डीत ठेवला होता. चूक उमगली तेव्हा पत्ता खाली पडला होता. पंचबाईंनी नियमाप्रमाणे तो परत घेऊ दिला नाही. त्यानेही मागितला नाही.

हरल्यावर त्याने हात पुढे केला. तो किंचित बाजूला गेला होता. गणिताच्या बाईंनी आपला हात तिथवर नेला.

सभागृह रिकामे होऊ लागले. पंचबाईंनी खोटा पत्ता नियमाप्रमाणे कापून नष्ट केला, अहवालावर सही केली आणि मागच्या मार्गिकेतल्या चहाच्या यंत्रापाशी त्या नेहमीसारख्या एकट्या येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे भिडू दोघांच्या बॅगा बांधत होता. आपल्या खिशातली घराची किल्ली त्याने बगळ्याच्या हातात दिली, आणि आता कुणाच्या घरी राहायचे, यावरून दोघांत काही हुज्जत चालली होती. मग एक हात भिंतीवरून सरकत सरकत यंत्रापर्यंत आला.

“बाई, तुम्हीच ना?”

“हो.”

“मी नोंदणी रद्द करून आलो. आता खेळाडू नाही.” तो जरा घुटमळला. “तुमचा तो नियम मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.”

पंचबाईंनी यंत्राचे बटण दुसऱ्यांदा दाबले. दुसरा कप भरू लागला. भरल्यावर तो त्यांनी उचलला आणि सरळ त्याच्यासमोर न धरता थोडा बाजूला, त्याच्या नजरेच्या कडेला धरला.

त्याने तो चाचपडल्याशिवाय घेतला.